गॅरंटी नसलेलं घर

ताईच्या पत्राला अण्णांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं आणि अण्णा ते विसरलेही नव्हते. डोळ्यांआड होऊ नये म्हणून त्यांनी ते शब्दकोशात ठेवलं होतं, 'उ' या अक्षराच्या पानांत, उत्तरातला 'उ'. तेव्हापासून शब्दकोशात काही पाहायचं झालं तर अण्णा 'उ' टाळून बाकीचे शब्द पाहत. 'उशीर' हा शब्दही त्याच पानांत येतो, हे त्यांना पाठ होतं.

पत्र लहान होतं. 'शंकोबा,' ताईने लिहिलं होतं. लहानपणापासून ती त्यांना याच नावाने हाक मारायची, आणि आता त्या नावाने हाक मारणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. 'इथे माझ्या खिडकीत मुंग्यांची रांग यायची. पलंगावरून मला तेवढंच दिसतं. परवा या लोकांनी औषध मारलं. सगळ्या मेल्या, बाई सुपलीत भरून घेऊन गेली. आता खिडकीत काही हलत नाही. मला एका डब्यात मुंग्या पाळायच्या आहेत. डबा कशाचा करावा म्हणजे त्या मरणार नाहीत? इथे मरायला आम्ही पुरेसे आहोत. तू एवढं वाचतोस, तुला माहीत असेल. फोन करू नकोस, मला काही ऐकू येत नाही. लिही. लवकर कळव.'

'लवकर' या शब्दाखाली रेघ होती. ती सुरू चांगली झाली होती, पण पुढे उतरत उतरत कागदाच्या कडेवरून खाली निघून गेली होती. ताईचं अक्षर एके काळी मोत्यांसारखं होतं. तिचा नवरा गेला, तिचा मुलगा दूर गेला, मग कंबर मोडली आणि ती वृद्धाश्रमातल्या एका पलंगावर येऊन थांबली. पण अक्षर टिकलं होतं. आता तेही निघालं होतं. या पत्रानंतर तिचं दुसरं पत्र आलं नाही. पोस्टमन जिन्यात दिसला की अण्णांना वाटायचं: पुढचं पत्र दुसऱ्या कुणाच्या अक्षरात आलं तर?

मग उत्तर का दिलं नाही? त्याला अण्णांचा धंदा कारणीभूत होता. अण्णांनी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि जिथे शंका येईल तिथे समासात लाल पेन्सिलीने लिहायचं: 'पाहावे?' सूर्य पूर्वेला उगवतो असं कुणी लिहिलं तरी अण्णा समासात 'पाहावे?' लिहीत, असं छापखान्यात म्हणत; एकदा खरोखरच लिहिलं होतं, आणि त्या वाक्यात पूर्वेच्या जागी पश्चिम छापलं गेलं होतं, पण ते कुणी लक्षात ठेवलं नाही. अशा माणसाने 'ताई, डबा लाकडाचा कर' असं लिहायचं कसं? लिहिलं, आणि समासात त्यांच्याच हाताने आलं: 'पाहावे?' तो कागद फाडला. 'मातीचा कर.' पाहावे? तोही फाडला. समजा लाकूड सांगितलं आणि मुंग्या मेल्या, तर? ताईच्या उशाशी, दुसऱ्यांदा?

तेव्हा अण्णांनी ठरवलं की आधी आपण घर करून पाहायचं, मुंग्या जगल्या तरच लिहायचं. हा निर्णय ऐकून त्यांची बायको, जिला सगळी इमारत माई म्हणे, ती म्हणाली, "अहो, तुम्ही जन्मात एक खिळा ठोकला नाहीत."

"खिळा नाहीच लागणार बहुधा," अण्णा म्हणाले. "लोखंड गंजतं. ते पाहावं लागेल."

*

हार्डवेअरच्या दुकानात जाणं अण्णांना दवाखान्यात जाण्याइतकंच अवघड वाटे. तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि आपल्याला वस्तूचं नावसुद्धा नीट सांगता येत नाही. त्यांनी तीन गिऱ्हाइकांना पुढे जाऊ दिलं. शेवटी दुकानात तेच उरले.

"बोला, काय करायचंय?" दुकानदार म्हणाला.

"एक लहानसं... राहायला."

"कुणाला?"

"पाहुण्यांना." मुंग्या हा शब्द तोंडातून निघेना.

"किती जण?"

"सुरुवातीला शंभरेक."

दुकानदाराने कानावरची पेन्सिल काढली. "हॉल बांधताय काय?"

"नाही, नाही. लहान आहेत. अगदी लहान."

"मग शाळा म्हणा की."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि काउंटरवर वाकून हळूच सांगितलं. दुकानदाराचा चेहरा उजळला. "असं सांगा ना काका. औषध पाहिजे."

"मारायच्या नाहीत हो. ठेवायच्या आहेत. कशात ठेवल्या तर जगतील, असं काही..."

दुकानदाराने फळी काढली. "ही घ्या. हिला आत औषध पाजलंय. मुंगी काय, वाळवी फिरकणार नाही. जन्माची गॅरंटी." अण्णांनी नको म्हटल्यावर त्याने रंगाचा डबा पुढे केला. "यावर मुंगी चढली तर उतरत नाही, जागेवर खलास. गॅरंटी." मग फटी बुजवायचा मसाला, मग फरशी पुसायचं पाणी, मग एक रबरी पत्रा. प्रत्येकाच्या पोटात काही ना काही विष होतं आणि प्रत्येकाला त्याचा अभिमान होता. माणसाने आपल्या घरासाठी जे जे शोधून काढलंय ते दुसरं कुणी राहू नये म्हणूनच, असा एक विचार अण्णांच्या मनात आला, पण तो बरोबर आहे की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

"गॅरंटी नसलेलं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

दुकानदार दुखावला. "तसला माल आपण ठेवत नाही," तो म्हणाला आणि फळी उचलून आत घेऊन गेला.

हात हलवत परत येताना जिन्यात समोरच्या घरातले इंजिनियरसाहेब भेटले. इंजिनियरसाहेबांनी आयुष्यभर पूल बांधले होते आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना बांधायला काही मिळालं नव्हतं. अण्णांची अडचण ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. सल्ला विचारला तर माणूस सल्ला देतो. इंजिनियरसाहेब वही, फूटपट्टी आणि स्वतःची खुर्ची घेऊन अण्णांच्या पुस्तकांच्या खोलीत राहायलाच आले.

"प्लास्टर ऑफ पॅरिस," ते म्हणाले. "मातीच्या वळ्या करून बोगदे आखायचे, वर प्लास्टर ओतायचं, माती काढून घ्यायची. भार किती धरायचा?"

"मुंग्यांचा?"

"मुंगी स्वतःच्या कित्येक पट वजन उचलते अण्णा. तो भार कोण धरणार?"

अण्णांनी तोही धरला. केकचं भांडं घेतलं. माई ते कुठे गेलं विचारू लागली तेव्हा दोघंही वहीत पाहू लागले. मातीच्या वळ्या केल्या, प्लास्टर कालवलं. ते कालवताना असं दिसतं की अजून पुष्कळ वेळ आहे, आणि मग एकदम अजिबात वेळ नसतो. इंजिनियरसाहेब "ओता, ओता, आता ओता" म्हणाले, अण्णा वाकले, ओतलं, आणि प्लास्टरबरोबर त्यांच्या नाकावरचा चष्माही भांड्यात उतरला. तो काढायला हात घालणार तोच इंजिनियरसाहेबांनी मनगट धरलं. "हलवू नका. सेट होतंय."

चष्मा सेट झाला. फक्त एक काडी वर राहिली, बुडालेल्या माणसाच्या हातासारखी.

पुढे जे झालं त्याचं मूळ या चष्म्यात आहे. प्लास्टर वाळलं, बोगदे मोकळे केले, वर काच ठेवली. स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर साखरेचा कागद ठेवून मुंग्या गोळा केल्या आणि आत सोडल्या. त्या आधी बोगद्यांतून पळाल्या, मग चालल्या, मग बसल्या. सकाळी अण्णांनी भिंग घेऊन पाहिलं. सगळ्या कोपऱ्यांत पडल्या होत्या, पाय पोटाशी घेऊन, प्लास्टरच्या पिठाने माखलेल्या. एक तेवढी अजून दुसरीला ओढत होती. अण्णा ती थांबेपर्यंत बसून राहिले. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही.

प्लास्टरच्या पिशवीवर खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: 'बुरशी व कीटक प्रतिबंधक द्रव्ययुक्त.' ते माईने वाचून दाखवलं. आयुष्यभर ज्या माणसाने तळटीपेतला स्वल्पविराम सोडला नाही, त्याने आयुष्यात एकदाच बारीक अक्षर नंतर वाचायचं ठेवलं, आणि तोवर चष्मा त्याच प्लास्टरमध्ये गेला होता. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. मुंग्या त्यांनी कुंडीत पुरल्या. आपल्याला कुणी पाहिलं नसेल अशी त्यांची समजूत होती. वरच्या मजल्यावरून इमारतीचे सेक्रेटरी पाहत होते.

"काय पेरताय अण्णा?" सेक्रेटरी वरून म्हणाले.

"काही नाही. मुंग्या होत्या."

"कुंडीत मुंग्या झाल्यात?" सेक्रेटरींनी मान हलवली आणि ते आत गेले. या एका प्रश्नाचे परिणाम पुढे व्हायचे होते.

*

"दगडापेक्षा वीट मऊ आणि विटेपेक्षा काच स्वच्छ," इंजिनियरसाहेब म्हणाले. चूक प्लास्टरची होती, आराखड्याची नव्हती, असं त्यांचं मत होतं. अण्णांनी नवा चष्मा केला आणि काचेच्या पट्ट्या कापून आणल्या. त्या सिलिकॉनने जोडल्या. सिलिकॉनच्या नळीवरचं प्रत्येक अक्षर अण्णांनी या वेळी वाचलं, परदेशी भाषांतलंसुद्धा. त्यात लिहिलं होतं की वाळेपर्यंत आंबट वास येतो आणि तो वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नये.

इथे एक अडचण होती. अण्णांना वास येत नसे. छापखान्यातल्या शाईने त्यांचं नाक केव्हाच निकामी केलं होतं. माईला विचारावं, तर माई केकचं भांडं त्या अवस्थेत सापडल्यापासून बोलत नव्हती. तेव्हा इंजिनियरसाहेबांनी पेटीत नाक घालून दीर्घ श्वास घेतला आणि सांगितलं, "अजिबात वास नाही. सोडा."

सोडल्या. संध्याकाळपर्यंत त्याही गेल्या. तेव्हा माई खोलीत आली, नाकाला पदर लावून म्हणाली, "व्हिनेगर सांडलं का कुठे?" इंजिनियरसाहेबांना आठवडाभर सर्दी होती. ते त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना ते प्रश्नाशी संबंधित वाटलं नव्हतं.

दोन घरं, दोन्ही स्मशानं. अण्णांनी कागद पुढे ओढला. 'ताई, प्लास्टर नको. सिलिकॉन नको.' यात मात्र समासात लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण नको-नकोचं उत्तर पाठवून ताईने काय करायचं? आणि मग त्यांच्या मनात असं आलं की हे सगळं करूनही वृद्धाश्रमवाल्यांनी डबा ठेवूच दिला नाही तर? हे आधी पाहायला हवं होतं. त्यांनी धीर करून तिथल्या कचेरीत फोन लावला.

"पाळीव प्राण्यांना परवानगी नाही," तिकडचा माणूस म्हणाला.

"प्राणी नाहीत. मुंग्या आहेत."

"आमच्याकडे मुंग्या नाहीत, साहेब. दर महिन्याला फवारणी असते. खात्रीने सांगतो, एक दिसणार नाही."

"तसं नव्हे. आणायच्या आहेत. डब्यातून."

पलीकडचा आवाज सावध झाला. "आपण रुग्णाचे कोण?"

"भाऊ," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आतापर्यंतच्या सगळ्या कागदांवर ताई 'रहिवासी' होती. 'रुग्ण' कधी झाली? हा शब्द कुणी बदलला, कुणाला विचारून बदलला? मुद्रितात असा शब्द मधेच बदलला असता तर अण्णांनी लाल वर्तुळ केलं असतं. फोनवर वर्तुळ करता येत नाही.

तेव्हापासून अण्णांचे हात भराभर चालू लागले. इंजिनियरसाहेबांना त्यांनी बोलावलं नाही. फडताळातली जुनी काचेची बरणी घेतली, साध्या पाण्याने धुतली. तळाशी कापूस भिजवून ठेवला. बाहेरून काळा कागद गुंडाळला, म्हणजे आत अंधार. वर माईचं तलम कापड, दोऱ्याने बांधून. जोड नाही, मसाला नाही, रंग नाही. गॅरंटी तर नाहीच. आणि मुंग्या जगल्या. एक दिवस जगल्या, दुसऱ्या दिवशी जगल्या, कापसाखाली त्यांनी साखरेचे कण नेऊन ठेवले. अण्णा समोर बसून राहत. आता लिहावं का? अजून एक दिवस पाहावे. आणि अजून एक.

एका दुपारी बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. डावा हात बरणीवर होता. तलम कापडाचा दोरा त्यांनीच बांधला होता, म्हणजे तो सुटणार हे गृहीतच होतं. जाग आली तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत काळी रांग चालली होती. एकेक मुंगी थांबायची, समोरचीच्या तोंडाशी तोंड लावायची, पुढे जायची. अण्णांच्या अंगावर कुणी इतकं निर्धास्त चाललं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी त्यांना आनंद झाला आणि तो आवरेना.

"अगं!" ते ओरडले. "हाताला मुंग्या आल्या! डाव्या हाताला मुंग्या आल्या!"

माई स्वयंपाकघरात होती. तिचे वडील असेच, डाव्या हाताला मुंग्या आल्या म्हणाले होते आणि संध्याकाळी गेले होते. तिने गॅस बंद केला आणि फोन उचलला.

*

मराठी भाषेने अण्णांचं घर चालवलं आणि त्या दुपारी तिने अण्णांना स्ट्रेचरवर घातलं. इंजिनियरसाहेब डोक्याकडे होते, सेक्रेटरी पायांकडे. जिना उतरताना दोघं 'तिरका, तिरका' म्हणून एकमेकांवर ओरडत होते. अण्णांनी हातावरच्या मुंग्या केव्हाच झटकून टाकल्या होत्या, त्यामुळे पुरावा उरला नव्हता. "अगं, तशा मुंग्या नव्हेत," ते म्हणाले. माईने त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "बोलू नका. दम लागेल."

इस्पितळातला डॉक्टर तरुण आणि सभ्य होता. सभ्य माणसासमोर अण्णांचं बोलणं आणखीच अडखळे.

"मुंग्या कधीपासून येतायत, आजोबा?"

"आज दुपारी पहिल्यांदाच. म्हणजे आधी मीच आणल्या होत्या."

डॉक्टरने माईकडे पाहिलं. "कुठवर येतात?"

"कोपरापर्यंत. मी झटकलं तेव्हा काही मानेवर गेल्या."

"मानेवर." डॉक्टरने लिहिलं. "आणि आता?"

"आता नाहीत. पण बरणीत असतील. मेल्या नसतील तर."

"काय मेल्या नसतील तर?"

"मुंग्या."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आजोबा, आजचा वार सांगता?" त्याने अगदी मायेने विचारलं. अण्णांना वार माहीत होता. पण इतक्या मायेने विचारल्यावर त्यांना शंका आली की आज खरोखर तोच वार आहे ना, आणि ते म्हणाले, "पाहावं लागेल."

तिथेच ठरलं. डोक्याचा फोटो काढला, छातीला तारा लावल्या, बोटातून रक्त घेतलं, आणि निरीक्षणाखाली ठेवलं. खरं सांगायला अण्णांनी दोनदा तोंड उघडलं. पण एवढी माणसं धावली, एवढी यंत्रं चालली. आता त्या खऱ्या मुंग्या होत्या असं सांगायचं म्हणजे सगळ्यांची केवढी निराशा. भिडेपोटी माणूस काय काय सोसतो. अण्णा भिडेपोटी आजारी राहिले.

खोली पांढरी होती. भिंतीचे कोपरे गोल केलेले, म्हणजे कुणाला लागू नये. पलंगाला कठडे, म्हणजे कुणी पडू नये. खिडकी बंद, खाली उतरता येऊ नये म्हणून. जमीन अशी की पाय घसरणार नाही. सगळं धुतलेलं, सगळं सुरक्षित. हार्डवेअरवाल्याने छातीला हात लावून गॅरंटी दिली असती. अण्णा उताणे पडून छताकडे पाहत होते. छतावर काही नव्हतं. भेगसुद्धा नव्हती. त्यांनी खिडकीच्या चौकटीकडे पाहिलं. तिथे तरी एखादी येईल. कुणी येत नव्हतं. किती वेळ गेला ते कळायलाही काही हलावं लागतं. ताई वर्षभर अशी पडून आहे, आणि तिने एक डबा मागितला होता.

माईने त्यांना वेळ जावा म्हणून वाचनालयातून मुंग्यांचं पुस्तक आणून दिलं होतं. चिडली असली तरी पुस्तक कुठलं आणायचं हे तिला समजत होतं. त्यात भिंतींच्या साहित्यावर पुष्कळ लिहिलं होतं: लाकूड कोणतं, जिप्सम कसं, रंग का नको. अण्णांना वाटलं, हे आधी वाचलं असतं तर. पण पुढच्या पानावर एक वाक्य होतं. रांगेतून उचलून आणलेल्या मुंग्या कामकरी असतात. त्यांच्यात राणी नसेल तर घर कशाचंही असो, त्या हळूहळू संपतात.

अण्णांनी ते वाक्य दोनदा वाचलं. समासात लिहायला पेन्सिल नव्हती, आणि असती तरी लिहिलं नसतं.

सुट्टी मिळाली तेव्हा हातात दिलेल्या कागदावर लिहिलं होतं: 'मुंग्या: सध्या नाहीत.'

हे मात्र अगदी खरं निघालं. घराचं दार उघडलं तर आत उग्र वास. अण्णांनाही जाणवला इतका. माई रात्रंदिवस इस्पितळात होती, किल्ली सेक्रेटरींकडे होती. कुंडीतल्या मुंग्या त्यांना आठवत होत्या, स्ट्रेचर उचलताना सतरंजीवर दिसलेल्याही. शेजारधर्म म्हणून त्यांनी स्वखर्चाने माणूस बोलावून सगळं घर फवारून घेतलं होतं. ते स्वतः जिन्यात उभे होते, कौतुकाची वाट पाहत.

"कोपरा न् कोपरा मारून घेतला, अण्णा. त्या बरणीतसुद्धा झाल्या होत्या, बघा. म्हटलं, आजारी माणूस परत येणार, निदान घर तरी स्वच्छ असावं. सहा महिने गॅरंटी आहे."

"आभारी आहे," अण्णा म्हणाले. खरोखर आभार मानण्यासारखंच होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

बरणीत कापूस अजून ओला होता. अण्णांनी बरणी न उघडता तिच्याभोवती काळा कागद पुन्हा गुंडाळला.

*

"ताईंना काय उत्तर लिहिलंत?" माईने विचारलं. ती खोलीतल्या टेबलावरचे काचेचे तुकडे गोळा करत होती.

"अजून नक्की होत नाही. बरणी बरी वाटते. पण राणी हवी. राणी कुठून आणायची ते पाहावं लागेल. आणि तिकडे ठेवू देणार नाहीत."

"मग त्यांनाच इकडे आणा."

"कुणाला?"

"राणीला," माई म्हणाली. "तुमच्या ताईंना हो. ही खोली आहे. पलंग बसेल इथे. पुस्तकं जातील बाहेर, चार दिवस चेहरा पाडून बसाल, मग बरे व्हाल."

अण्णांनी खोलीकडे पाहिलं. ही गोष्ट कधीही, कुठल्याही कच्च्या कागदावर आली नव्हती. "पण तिला मुंग्या पाहायच्या आहेत. इथे तर आता एक नाही. सहा महिने..."

"येतील. त्या काय पत्र पाठवून येतात?"

"तिला जिना चढवेल का? आणि तिकडचे सोडतील का? रुग्ण म्हणतात आता."

"ते लोक म्हणतात. तुम्ही कोण म्हणता ते लिहा." माईने काचा कागदात गुंडाळल्या. "आणि उशीर करू नका. माझेही बाबा एका संध्याकाळीच गेले."

अण्णांनी लिहिलं. अर्थात त्यांनी आधी पाच पानं लिहिली: प्लास्टर, त्यातली द्रव्यं, सिलिकॉन, सर्दी झालेल्या माणसाच्या नाकाचा भरवसा, काच, कापूस, राणीचं महत्त्व, तळटिपांसह. ताईने विचारलं होतं त्याचं उत्तर द्यायलाच हवं होतं. सहाव्या पानावर लिहिलं: 'ताई, तू इकडे ये. माईने खोली काढली आहे. मी तुला न्यायला येतो आहे.' लिहून झाल्यावर त्यांनी नेहमीच्या सवयीने ते एकदा वाचलं, आणि शाई वाळायच्या आत समासात लाल पेन्सिलीने लिहिलं गेलं होतं: 'पाहावे?'

पाकीट चिकटवायला घरात डिंक नव्हता. डिंकाच्या दोन्ही बाटल्या पहिल्या प्रयोगाआधीच्या प्रयोगात गेल्या होत्या, ज्याची इथे वाच्यता केली नाही. अण्णा उघडंच पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले.

पेटी फार जुनी होती. बुडाला गंज चढून पत्रा पापुद्र्यासारखा सुटला होता. रंगावर रंग, त्यावर रंग, आणि त्या रंगांना फुगे आलेले. कुठले रंग, त्यात काय काय कालवलेलं, देव जाणे. एका बाजूला जाहिराती चिकटवून फाडल्याचा चिकटा. आणि पेटीच्या तोंडातून, गंजलेल्या झडपेच्या कडेने, मुंग्यांची जाड रांग बाहेर पडत होती आणि तशीच एक आत जात होती. काही जणी तोंडात पांढरी अंडी धरून चालल्या होत्या. म्हणजे आत कुठे तरी, लोकांच्या पत्रांखाली, राणी होती. हे घर कशाचं करावं हे तिने कुणालाही विचारलं नव्हतं. अण्णांना विचारलं असतं तर लोखंड, गंज, शिसं, डिंक, यातल्या एकेकापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं असतं.

ते बराच वेळ पाहत उभे राहिले. मग त्यांनी पाकिटातून पाच पानं काढली आणि घडी करून खिशात ठेवली. सहावं हातात राहिलं. समासातला शब्द त्यांनी पेनने खोडला, आधी प्रश्नचिन्ह, मग 'पाहावे'. पेटीचा पत्रा खडबडीत होता, त्यामुळे खाडाखोड वेडीवाकडी झाली आणि कागदाला एक भोक पडलं. तसाच तो त्यांनी पाकिटात परत घातला. चालेल, अण्णांना वाटलं. हा शब्द त्यांनी मनात उच्चारला, तेव्हा तो जरा अनोळखी वाटला.

आता पत्र टाकायचं, तर रांग तुटेना. झडप उचलली तर कडेवरच्या चिरडतील. अण्णा रांगेत फट पडण्याची वाट पाहत राहिले.

"काका, टाकताय ना?" मागून एक बाई म्हणाली. तिच्या हातात पाकिटांचा गठ्ठा होता.

"हो, हो. एक मिनिट. यांचं होऊ दे."

"कुणाचं?"

अण्णांनी बोटाने दाखवलं. बाईने वाकून पाहिलं आणि ती एक पाऊल मागे सरली. फट काही पडत नव्हती. पडणारही नव्हती, त्यांच्याकडे आत जायला आणि बाहेर यायला पुष्कळ जणी होत्या. शेवटी अण्णांनी पाकीट तिरकं धरलं, झडपेचा रिकामा कोपरा बोटाने अगदी जरासा उचलला, आणि मुंगीच्या पावलांनी पत्र आत सरकवलं. एक मुंगी पाकिटावर चढली. ती उतरेल म्हणून ते थांबले. ती उतरली नाही. अण्णांनी तिच्यासकट पत्र सोडून दिलं.